समाधानी आहात काय?



आम्ही बँकेतले कारकून, वैद्यकशास्त्राशी आमचा संबंध नाही. तरीही रुग्णालयातल्या एका फॉर्मबद्दल बोलायला उभे आहोत. मागे आमचे थोरले बंधू इस्पितळात दाखल होते. छातीत धडधड, झोप नाही, रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. डिस्चार्जच्या वेळी सिस्टरने कागद पुढे केला: 'सेवेबद्दल समाधानी आहात काय?' सिस्टर समोरच उभ्या, बिल अजून भरायचे होते. आम्ही प्रत्येक ओळीत 'उत्तम' लिहिले. आठव्या दिवशी दादा पुन्हा रात्रभर जागे! कागद खोटा होता आणि तो आम्हीच भरला होता.

जर्मनीत अशा मनोकायिक आजारांसाठी, म्हणजे मनाचा ताण शरीरातून दुखू लागतो त्यासाठी, स्वतंत्र पुनर्वसन रुग्णालये आहेत. रुग्ण तेथे साधारण पाच आठवडे राहतो. गटात बसून बोलणे, व्यायाम, शरीर सैल सोडण्याचा सराव असा दिनक्रम असतो. नोकरदारांचा खर्च बहुधा पेन्शन विमा संस्था करते. 'पेन्शनआधी पुनर्वसन' हे तिथले धोरण. माणूस कामावर परतला तर पेन्शन वाचते. हा हिशेब आम्हा बँकवाल्यांना चटकन समजतो.

ही संस्था प्रश्नावली पाठवते ती घरी, दोन-तीन महिन्यांनी. तेव्हा सिस्टर समोर नसतात आणि निरोपाचा गहिवरही ओसरलेला असतो. डॉक्टरांनी ऐकून घेतले का, उपचाराचे ध्येय तुमच्याशी बोलून ठरले का, हे विचारतात. तब्येत सुधारली का, हा प्रश्न वेगळा. समाधान आणि सुधारणा एकाच रकान्यात कोंबत नाहीत.

यातही एक गोम आहे. रुग्ण दिवसाला किती तास काम करू शकेल, हे रुग्णालयच अहवालात लिहिते. तीन तासांपेक्षा कमी असेल तर पूर्ण पेन्शनचा, तीन ते सहाच्या आत असेल तर अर्ध्या पेन्शनचा विचार होतो. थकून पेन्शनची आस लावून आलेल्याला 'सहा तास करू शकतो' असा शेरा मिळाला, तर तो नाराजच परतणार. ती नाराजी जेवणावरची नव्हे की डॉक्टरांच्या वागणुकीवरचीही नव्हे. नुसत्या आकड्यात ती ओळखू येत नाही. म्हणून माणूस काय मागायला आला होता, हेही विचारले पाहिजे.

आपल्या आरोग्य शिबिरात आपण शेवटी अभिप्राय घेतो आणि सगळे 'छान' लिहितात. यंदा विद्यार्थ्यांनी दोन महिन्यांनी वही घेऊन घरोघर जावे, अशी आमची सूचना आहे. आमच्या दादांचे नाव पहिल्या पानावर लिहा. ते खरे सांगतील, आम्ही मध्ये बोलणार नाही.