बाळ जागं असतानाच खाली ठेवा

श्रोतेहो, तान्ह्या बाळाची झोप हा विषय दिला आहे आणि मिनिटं दिली आहेत सहा. गुटी, मालिश, दात, दृष्ट या सगळ्यांविषयी तुम्हाला विचारायचं असतं, ठाऊक आहे मला. पण आज एकच गोष्ट सांगणार आहे. बाळ जागं असतानाच खाली ठेवा. पुरतं झोपल्यावर नाही. पेंगुळलंय, पापण्या जड झाल्यात, पण डोळे अजून मिटलेले नाहीत, तेव्हा.

आपल्याकडे काय चालतं? साडीची झोळी, त्यात बाळ, हातात दोरी. अर्ध्या तासानं मान कलंडते. मग दोघं मिळून त्याला उचलून गादीवर न्यायला निघतात. कुकर लावायचा नाही, आजोबांनी खोकायचं नाही, दाराची कडी वाजवायची नाही. पाठ गादीला टेकते आणि डोळे टक्क उघडतात! की पुन्हा झोळी.

आता बायांनो, विरजण तुम्ही रोज लावता. लागलेलं दही एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलंत तर ते मोडतंच ना? म्हणून ज्या भांड्यात दही हवं, त्याच भांड्यात दूध असतानाच विरजण घालता. बाळाचंही तसंच. जिथे रात्रभर झोपायचं, तिथेच त्याची झोप लागू द्या. आणि दूध कसं हवं? कोमट. फार कडकडीत असलं तर नासतं. म्हणजे वेळ टळून गेलेलं, रडून रडून तापलेलं बाळ. गार असलं तर लागतच नाही. म्हणजे नुकतंच उठलेलं, खेळायच्या रंगात असलेलं बाळ. कोमट ओळखायचं कसं? जांभई, डोळे चोळणं, कान ओढणं, शून्यात बघणं. हे दिसलं की ठेवा. आणि एकदा ठेवलंत की दर दोन मिनिटांनी झाकण उघडून बघू नका. जरा कुंई केलं की उचललं, हे झाकण उघडणंच आहे. तान्ही मुलं झोपेतही कण्हतात, तोंडं वाकडी करतात, हातपाय झाडतात. त्यांची निम्म्याच्या आसपास झोप अशी चुळबुळीची असते. तुम्ही उचलता आणि झोपलेल्या लेकराला जागं करता.

जागेपणी ठेवण्याचा आग्रह का, तेही ऐका. बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण 50 ते 60 मिनिटांचं. ते संपलं की किंचित जाग येते. तुम्हाआम्हालाही येते, आपण कूस बदलतो, पांघरूण ओढतो, सकाळी आठवतही नाही. बाळ मात्र चाचपतं. झोप लागली तेव्हा झोका होता, आता नाही. आईचा खांदा होता, तो कुठे गेला? मग भोकाड. आणि आई पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी बांधून पहाटेपर्यंत पाय हलवत पडलेली. जे अंथरुणावर स्वतःहून झोपी गेलं, त्याला जाग आल्यावर सगळं जागच्या जागी सापडतं.

पण पहिल्या दिवसापासून हे नको. पहिले काही महिने बाळाला दिवसरात्र कळत नाही, पोट लहान, दूध मागणारच. चार महिन्यांच्या आत शिकवणी लावू नका. पुढेही भुकेनं उठलं तर पाजा. दिवस भरण्याआधी जन्मलेलं, वजन कमी असलेलं बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि एकटं झोपवा म्हणजे दुसऱ्या खोलीत टाका, असं मी म्हणत नाही! आजीबाई रागावल्या असतील एव्हाना. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञसुद्धा निदान पहिले सहा महिने बाळ आईबापांच्याच खोलीत ठेवा म्हणतात, फक्त अंथरूण वेगळं. एका खोलीच्या घरातही हे जमतं. आईच्या हाताच्या अंतरावर टणक, सपाट गादी. बाळ पाठीवर. तिकडे 1994 मध्ये उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आलं. तेव्हा ती मोहरीची उशी काढा. गळ्यातला काळा दोरासुद्धा.

रडलं तर? जवळ बसा. थोपटा, हळू बोला, उचलायची घाई करू नका. काही दिवसांनी थोडं लांब बसा. मेलबर्नच्या संशोधकांनी अशा रीतीनं झोपायला शिकलेली मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. 2012 मध्ये ते छापून आलं. मुलांच्या मनावर किंवा आईशी असलेल्या मायेवर काही वाईट परिणाम दिसला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण शेजारीण "दगडाच्या काळजाची" म्हणते आणि तरुण आई लगेच झोळी बांधते.

औषधाचं एक वाक्य. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची गोळी चाटवून कामावर जात. बाळागोळी म्हणत तिला. त्यांना दुसरा इलाज नव्हता. आपल्याला आहे. तरीही सर्दीचं औषध "गुंगी येते, बरं पडतं" म्हणून पाजणारे लोक आहेत. त्यातल्या एका नेहमीच्या मिश्रणाच्या बाटलीवर चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं छापण्याचा आदेश 2023 मध्ये सरकारनं काढला आहे. वाचा तरी.

नोकरी करणाऱ्या मुलींनो, कायद्यानं 26 आठवडे रजा मिळते ना? मग शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. पाळणाघरातल्या बाई दहा मुलांना झोके कुठून देणार? रजा संपायच्या महिनाभर आधीच दुपारच्या एका झोपेपासून... हो, हो, दिसली खूण. बाबांविषयी बोलायचं होतं. रात्री बाळ खाली ठेवण्याचं काम त्यांना द्या, त्यांच्या अंगाला दुधाचा वास नसतो. आणि जुळी असतील तर दोघांची अंथरुणं वेगळी, पण दोघांना एकाच वेळी, दोघंही जागी असतानाच... बाकीचं पुढच्या खेपेला.