गोल्फ क्लबची ओळख

गोल्फमध्ये चेंडू मारण्याच्या काठीला क्लब म्हणतात. नियमानुसार एका फेरीत खेळाडूला जास्तीत जास्त 14 क्लब जवळ ठेवता येतात. प्रत्येक क्लबचे मुख्य भाग तीन : हातात धरायची ग्रिप, लांब दांडी म्हणजे शाफ्ट आणि चेंडूवर आदळणारे हेड. दांडी हेडमध्ये जिथे बसते तो होझेल, चेंडूला भिडणारा पृष्ठभाग फेस आणि जमिनीकडची बाजू सोल.

एक क्लब दुसऱ्यापेक्षा वेगळा ठरतो तो मुख्यतः लॉफ्टमुळे. फेस उभ्या रेषेपासून मागे किती कलला आहे, तो कोन म्हणजे लॉफ्ट. लॉफ्ट कमी असला की चेंडू सखल आणि लांब जातो. जास्त असला की उंच उडून जवळच पडतो. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला साधारण 8 ते 12 अंश लॉफ्ट असतो, तर वाळूतून चेंडू काढणाऱ्या सँड वेजला 54 ते 58. पटरला जेमतेम 3-4 अंश पुरतात, कारण तिथे चेंडू घरंगळवायचा असतो. सँड वेजच्या सोलची मागची बाजू पुढच्या कडेपेक्षा खाली असते. या रचनेला बाउन्स म्हणतात. तिच्यामुळे हेड वाळूत रुतत नाही. गोल्फपटू जीन साराझेनने 1932 ची ब्रिटिश ओपन जिंकली, तेव्हा असाच वेज त्याच्याकडे होता.

‘वूड’ प्रकारातले क्लब पूर्वी खरोखरच लाकडाचे असत. आता ड्रायव्हरचे हेड बहुधा टायटॅनियमचे आणि पोकळ असते. त्याच्या आकारमानाची मर्यादा 460 घनसेंटिमीटर आहे. आयर्न प्रकारात पातळ, भरीव हेडला ब्लेड म्हणतात. पाठीमागे खोलगट भाग ठेवून वजन कडेला नेले, तर तो कॅव्हिटी बॅक. चेंडू फेसच्या मध्यावर बसला नाही तरी असे हेड कमी फिरते, म्हणून नवशिक्यांना ते सोयीचे पडते.

शाफ्ट पूर्वी हिकरी लाकडाचे होते. आज पोलाद आणि ग्रॅफाइट वापरतात. शाफ्टची लवचिकता म्हणजे फ्लेक्स. वेगाने फटका मारणाऱ्याला ताठ, तर संथ मारणाऱ्याला लवचिक शाफ्ट मानवतो.

आयर्नचा क्रमांक वाढतो तसा लॉफ्ट वाढतो आणि दांडी आखूड होते. मात्र कोणत्या क्रमांकाला किती लॉफ्ट, याचे बंधन उत्पादकांवर नाही. एकाचा 7 क्रमांकाचा आयर्न 34 अंशांचा, तर दुसऱ्याचा 30 अंशांहून कमी असू शकतो. म्हणून क्लब निवडताना क्रमांकावर न जाता अंश तपासावेत.