काटा आणि काठी



राजूर घाटात गाडी बंद पडणं आपल्याला नवं नाही. मोताळ्याकडून वर बुलढाण्याला येताना भल्याभल्या इंजिनांना घाम फुटतो. पण त्या संध्याकाळी आमची जीप तापली नव्हती. ती रिकामी होती, आणि समोरचा पेट्रोलचा काटा टाकी गच्च भरल्याचं सांगत होता. मी काचेवर दोनदा टिचकी मारली. काटा हलला नाही. जुन्या गाडीचा मालक काचेवर टिचकी का मारतो, हे मला आजवर उमगलेलं नाही. तरी मारतो.

ही जीप दुसऱ्या महायुद्धातली, विलीज. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा साडेसहा लाखांच्या आसपास जीपा बनवल्या. युद्ध संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेल्यांपैकी काही आपल्याकडे लिलावात विकल्या गेल्या. स्टिअरिंग डावीकडे आणि टाकी चालकाच्या सीटखाली. पंपावर गेलं की आधी आपण उतरायचं, मग सीटची गादी उचलायची, तेव्हा कुठे टाकीचं झाकण दिसतं. पंपावरची पोरं दर वेळी हसतात.

घाटातून कॅन घेऊन पायी उतरताना मी ठरवून टाकलं की मीटर बदलायचा. मलकापूरच्या एका जुन्या वायरमननं मला अडवलं. म्हणाला, “काटा नाई हो भाऊ, टाकी खोटं बोलून रायली.”

त्याचं म्हणणं समजायला या यंत्रात काय असतं ते पाहावं लागेल. टाकीत एका दांडीच्या टोकाला पोकळ फ्लोट असतो. पेट्रोल खाली गेलं की तो खाली जातो, आणि दांडीचं दुसरं टोक तारेच्या वेटोळ्यावर सरकतं. त्यामुळे विजेला होणारा अडथळा कमीजास्त होतो आणि तेवढाच मीटरचा काटा हलतो. मीटरकडून टाकीकडे एकच वायर जाते. वीज परत येते ती टाकीच्या आणि गाडीच्या पत्र्यातून. त्यालाच आपण अर्थ म्हणतो.

वायरमननं टाकीवरची वायर काढली, ती टाकीपासून लांब चासीला बांधली आणि मगच चावी फिरवली. हा क्रम महत्त्वाचा. चावी चालू ठेवून वायर टेकवली तर ठिणगी उडते, आणि आपण बसलेलो असतो पेट्रोलच्या वाफेवर. चावी फिरताच काटा भरल्यावरून थेट रिकाम्यावर आला. म्हणजे मीटर शाबूत होता, वायरही शाबूत होती. आमच्या मीटरात वायर तुटली की काटा ‘भरलं’ दाखवतो आणि अर्थ केली की ‘रिकामं’. काही गाड्यांत हे नेमकं उलटं असतं, म्हणून काटा कुठे गेला यापेक्षा तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला का, हे पाहायचं. मीटर तापणाऱ्या पट्टीचा असेल तर वायर फार वेळ अशी बांधून ठेवू नये.

मग त्यानं वायर परत जागेवर लावली आणि टाकीच्या पत्र्यापासून चासीपर्यंत दुसरी एक वायर जोडली. काटा खाली उतरून पाव टाकीवर स्थिरावला. चोर सापडला होता, आणि तो मीच होतो. दिवाळीआधी मी टाकी उतरवून, घासून, दोन हात रंग देऊन बसवली होती. पट्ट्यांखाली नवा नमदाही घातला होता. त्या झकास रंगानं टाकीची अर्थच तोडली होती. बॅटरीचं टोक काढून त्यानं एका स्क्रूखालचा नाण्याएवढा रंग पॉलिश पेपरनं खरवडला आणि तिथं अर्थची वायर कायमची आवळली. खर्च झाला चहाचा.

पुढे वर्षभरानं उलटा आजार झाला. काटा कायम रिकाम्यावर. या वेळी वायरची परीक्षा पास झाली, अर्थही ठीक निघाली. मग टाकीवरचे पाच स्क्रू काढून दांडी बाहेर घेतली. पितळी फ्लोट नारळासारखा कानाशी हलवला, तर आत पेट्रोल डचमळत होतं. गरम पाण्यात बुडवल्यावर सांध्यातून बारीक बुडबुडे निघाले. फ्लोट बुडाला तर काटा कसा उठणार? आतलं पेट्रोल काढून, फ्लोट बरेच दिवस उघड्यावर वाळवून, मी तो खामगावला नेला. तिथं चांदीच्या कारागिरांचा हात नाजूक कामाला सरावलेला. त्यांच्यातल्या एकानं विस्तव न लावता, गरम कय्यानं कथलाचा एवढासा डाग दिला. डाग जाड झाला तर फ्लोट जड होतो, हे त्याला सांगावं लागलं नाही.

काही जुन्या गाड्यांत फ्लोट बुचाचा असतो, त्यावर लाखेचा थर असतो. अशांनी सध्या जास्त जपावं. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉल म्हणजे स्पिरिटच. पॉलिशवाला लाखदाणा कशात विरघळवतो ते आठवा. थर गेला की बूच पेट्रोल पितं आणि जड होतं.

आणि पेट्रोलबरोबर तापमानाचाही काटा एकदम बिघडला, तर टाकी उघडूच नका. काही गाड्यांत दोन्ही मीटरांना एकाच छोट्या स्टॅबिलायझरमधून वीज जाते. आधी तो आणि फ्यूज पाहावा.

तरीही सीटखाली मी बांबूची एक कामटी ठेवलेली आहे. टाकी रिकामी करून, पाच-पाच लिटर ओतत, दर वेळी ब्लेडनं खाच पाडलेली. गादी उचलायची, कोरडी कामटी सरळ आत सोडायची, ओल कुठवर आली ते पाहायचं. घाट चढताना आमचा काटा अजूनही हलतो, पण तो बिघाड नाही. सीटखालच्या टाकीत पेट्रोलच मागे सरकतं आणि फ्लोट त्याच्याबरोबर जातो. वर बुलढाण्यात सपाटीला गाडी उभी केली की मिनिटभरात काटा आणि कामटी एकच आकडा सांगतात.