पाठपोट छपाई आणि कार्यालयातील जुना प्रिंटर
(बडोदे येथे शिक्षक, कार्यालयीन कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कागदाच्या दोन्ही अंगांवर छापण्यास आपल्या मुद्रकांनी 'पाठपोट छपाई' असे नामी नाव दिले आहे. आज मी याच विषयावर बोलणार आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु ज्या शाळेत वार्षिक परीक्षेच्या आदल्या सायंकाळी प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर दुसऱ्याच इयत्तेचे प्रश्न उमटतात, किंवा ज्या ग्रामपंचायतीत ठरावाच्या नकलेचे दुसरे पान उलटे छापले जाते, तेथे तो किरकोळ राहत नाही. पत्रिकेच्या पायथ्याशी 'कृ. मा. पा.' अशी अक्षरे असतात आणि मागे पाहावे तो कोरा कागद! मूल बिचारे विचारायलाही भिते. गुण जातात ते त्याचे.

अशा वेळी 'यंत्र जुने झाले, नवे मागवा' असा शेरा सहज मारला जातो. मी कला शाखेचा पदवीधर, यंत्रशास्त्राचा नव्हे; तरी प्रसिद्धीच्या कामात छापील कागदाशी रोजचा संबंध असल्याने एक गोष्ट ठामपणे सांगू शकतो. पाठपोट छपाई बिघडली म्हणजे यंत्र निकामी झाले असे बहुधा नसते. दोष कागदात असतो, संगणकातील एखाद्या निवडीत असतो, नाही तर एखाद्या उघड्या राहिलेल्या झाकणात असतो.

बडोद्याला हा विषय परका नाही. १९०६ साली महाराज सयाजीराव गायकवाड यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० पासून गावोगाव ग्रंथालये उभी राहू लागली. म्हणजेच छापील कागदाची गरज खेड्यापर्यंत पोहोचली. १९१६ मध्ये राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'ने गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा आरंभ झाला. खिळे जुळवून छापण्याच्या त्या काळात कागदाची एक बाजू छापायची, ती वाळू द्यायची, मग कागद उलटून दुसरी छापायची, आणि दोन्हीकडील ओळी एकमेकींच्या पाठीस बरोबर येतील अशी काळजी घ्यायची, हा छापखान्याचा नित्याचा परिपाठ होता. आपला प्रिंटर पोटात नेमके हेच करतो. पहिली बाजू छापून झाली की कागद जवळजवळ पूर्ण बाहेर येतो. मग रोलर उलट फिरतात, कागद पुन्हा आत ओढला जातो आणि खालच्या वाटेने फिरून दुसऱ्या बाजूने छपाईस येतो. सारी भानगड होते ती या परतीच्या वाटेवर.

म्हणून प्रथम पाहायचे ते हे, की एकाच बाजूची दहा पाने सुरळीत निघतात काय? तीही अडकत असतील तर दोष पाठपोटाचा नाही; कागद उचलणारा रबरी रोलर गुळगुळीत अथवा कडक झाला असेल. किंचित ओलसर, धागे न सुटणाऱ्या फडक्याने तो पुसावा. गुण न आल्यास बदलावा. संपूर्ण यंत्राच्या मानाने हा भाग स्वस्त असतो.

एकेरी पाने ठीक येतात, परंतु संगणक दोन्ही बाजूंचा पर्यायच दाखवीत नाही, अशीही तक्रार वारंवार ऐकू येते. संगणक बदलला किंवा त्यातील प्रणाली नवी घातली की प्रिंटरचा मूळ ड्रायव्हर जातो आणि त्याच्या जागी कामचलाऊ ड्रायव्हर बसतो. त्याला या यंत्रात कागद उलटण्याची सोय आहे हे ठाऊकच नसते. यंत्राच्या नेमक्या नमुन्याचा ड्रायव्हर घालावा आणि प्रिंटरच्या गुणधर्मांत 'ड्यूप्लेक्स युनिट' या नोंदीपुढे 'इन्स्टॉल्ड' असे निवडावे. कित्येक यंत्रे एवढ्यावर मार्गी लागतात.

कागद मागे फिरतो आणि अडकतो, असे असेल तर प्रथम यंत्रामागील झाकण पाहा. ते उघडे राहिले तर कागद परत न फिरता सरळ बाहेर पडतो. त्यानंतर आकार. आपला ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटर, तर अमेरिकेत चालणारा 'लेटर' २१६ बाय २७९. लांबीतील हा १८ मिलिमीटरांचा फरक डोळ्यांना जाणवत नाही, यंत्राला जाणवतो. कागदाचे शेपूट अपेक्षित क्षणी आले नाही की ते 'जॅम' म्हणून थांबते. काही जुन्या लेसर प्रिंटरांना मागील बाजूस या दोन आकारांसाठी लहानशी कळ असते. ती ए-४ कडे हवी, आणि संगणकातही ए-४ च निवडलेले हवे. कचेऱ्यांतील लांब 'लीगल' कागद तर अनेक जुन्या यंत्रांना उलटताच येत नाही. तेथे यंत्राशी भांडून उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयातही एप्रिल २०२० पासून ए-४ कागद व दोन्ही बाजूंची छपाई असा दंडक लागू झाला आहे. तेव्हा आपल्याही कचेऱ्यांनी लांब कागदाचा मोह शक्य तेथे सोडावा, असे माझे मत आहे.

अडकलेला कागद काढताना वीज बंद करून यंत्र निवू द्यावे. टोनर कागदावर पक्का करणारा रोलर सुमारे २०० अंश सेल्सियस इतका तापतो. कागद दोन्ही हातांनी, सावकाश व सरळ ओढावा. फाटलेला तुकडा आत राहिला तर तो कागदाची चाहूल घेणाऱ्या इवल्याशा काळ्या पट्टीखाली अडकून बसतो, आणि मग कागद नसतानाही यंत्र 'कागद अडकला' म्हणून सांगत राहते.

आता दमट हवेविषयी. जुन्या हातछपाईच्या यंत्रावर कागद मुद्दाम ओलसर करून घेत, म्हणजे शाई चांगली धरे. लेसर प्रिंटरचे नेमके उलटे आहे. श्रावणात उघड्या पुडक्यातील कागद ओल धरतो. पहिल्या फेरीत तापून ती ओल उडते, कागद आक्रसतो, गुंडाळी धरतो आणि परतीच्या वाटेवर अडतो. दुसरी बाजू फिकट येणे किंवा ओळी किंचित सरकणे यालाही बऱ्याचदा हेच कारण असते. पुडके गुंडाळून कपाटात ठेवावे आणि ट्रेमध्ये दिवसापुरताच कागद भरावा.

दुसरी बाजू उलटी येणे हा तर दोषच नव्हे, तो निवडीचा प्रश्न आहे. पुस्तकाचे उभे पान आपण लांब कडेवर उलटतो. येथील प्राच्यविद्या मंदिरात हजारो पोथ्या आहेत. त्यांचे आडवे पानही लांब कडेवरच उलटते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे पान मात्र वरच्या आखूड कडेवर उलटते. संगणक 'लाँग एज' की 'शॉर्ट एज' असे विचारतो ते एवढ्यासाठीच. अर्ज, ठराव, प्रश्नपत्रिका यांना लांब कड निवडावी.

एवढे करूनही परतीची वाट बंदच असेल तर हाताने पाठपोट करता येते, आणि त्यात कमीपणा नाही. ट्रेमधील वरच्या कागदावर पेन्सिलीने बाण काढा, एक पान छापा, आणि छपाई बाणाच्या बाजूस आली की मागे, मथळा कोणत्या अंगास आला, ते पाहून कार्डावर लिहा. ते कार्ड यंत्रावरच चिकटवा, म्हणजे कारकून बदलला तरी अडचण येणार नाही. मोठ्या टिपणीची आधी विषम पाने छापावीत, मग गठ्ठा कार्डाप्रमाणे घालून सम पाने. एकूण पाने विषम असतील तर शेवटचा कागद आधी बाजूला काढावा. त्याला पाठ नाही.

यात खरा धोका दोन कागद एकदम ओढले जाण्याचा. दुसऱ्या फेरीत तसे झाले की पुढच्या प्रत्येक पानाची पाठ चुकते. म्हणून गठ्ठा पंख्यासारखा मोकळा करावा आणि एका वेळी वीसच कागद घ्यावेत. शिक्षकांनी दोन पानी प्रश्नपत्रिकेसाठी वेगळी रीत वापरावी. चाळीस मुले असतील तर पहिल्या पानाच्या चाळीस प्रती एकदम छापाव्यात, मग सारा गठ्ठा उलटून दुसऱ्या पानाच्या चाळीस. मध्ये दोन कागद जोडीने गेले तरी एखाद्या कागदाची पाठ कोरी राहील, दुसऱ्या कोणाची पाठ चुकणार नाही. आणि कोरी पाठ गठ्ठा चाळताना लगेच दिसते. मात्र पहिली बाजू छापलेला गठ्ठा गरम असतानाच पुन्हा ट्रेमध्ये घालू नये. दहा मिनिटे सपाट ठेवून, वर एखादे जाड पुस्तक ठेवून तो निवू द्यावा.