सशांचे गोठलेले बियाणे



पत्रिकेत आमच्या नावापुढे हा विषय वाचून पुष्कळांना हसू आले असेल. संघटनेचा माणूस पगारवाढ आणि बोनस सोडून सशांच्या मागे कुठे लागला, असेही कुणी म्हटले असेल. त्याचा खुलासा असा की, आमची उमर बर्फाचे कारखाने, दूधसंघ आणि शीतगृहे येथील कामगारांत गेली. थंडी तयार करणे सोपे, ती टिकविण्यासाठी मात्र रात्रपाळीला कोणीतरी जागावे लागते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. सशाचा गर्भ गोठवून वर्षानुवर्षे ठेवतात हे प्रथम वाचले, तेव्हा आमच्या मनात आले, तिथे रात्रपाळीला कोण असतो?

आपल्या शिवारात पळतो तो ससा वेगळा आणि आज ज्याच्याविषयी बोलायचे तो पाळीव ससा वेगळा. मराठीत दोघांना एकच नाव असल्याने घोटाळा होतो. शिवारातल्याची पिल्ले उघड्या डोळ्यांनी, अंगावर लोकर घेऊन जन्मतात, तर पाळीव सशाची आंधळी आणि उघडी असतात. हा पाळीव ससा युरोपात गोरगरिबांचे जनावर होता. गाय बांधायला जागा नाही, डुक्कर पोसायची ऐपत नाही, अशा कामगाराने घरामागे लाकडी खुराडे करावे, रस्त्याकडेचे गवत कापून घालावे आणि रविवारी पातेल्यात मांस पडावे, असा तो संसार. त्यातूनच जाती निर्माण झाल्या. शांपेन प्रांताचा रुपेरी, बर्गंडीचा तांबूस. आणि 1919 साली फ्रान्समधील एका खेड्यात मखमलीसारख्या आखूड लोकरीची पिल्ले निपजली, त्यांपासूनचा 'रेक्स'. यांतल्या कितीतरी जाती विद्यापीठांनी नव्हे, तर साध्या हौशी माणसांनी घडविल्या.

आज मांसाचा व्यापार थोड्याशा निवडक वंशांवर चालतो. जुन्या जाती उरल्या त्या हौशी म्हाताऱ्यांच्या खुराड्यांत. म्हातारा गेला की मुलगा खुराडे मोडतो. त्याच्याबरोबर शंभर वर्षांची निवड संपते. त्यात रोगांची भर. 1952 साली फ्रान्समधील एका डॉक्टराने आपल्या जमिनीवरील रानसशांचा उपद्रव थांबावा म्हणून मिक्झोमाचा विषाणू सोडला. तो कुंपणाच्या आत थोडाच राहणार? एक-दोन वर्षांत तो युरोपभर पसरला. पुढे 1984 साली चीनमध्ये रक्तस्रावाचा नवा रोग दिसला. सायंकाळी धडधाकट दिसणारा ससा सकाळी मेलेला सापडे. 1988पर्यंत तो पश्चिम युरोपात पोचला, आणि 2010मध्ये फ्रान्समध्ये त्याचेच दुसरे रूप निघाले. एखादी जात दोन-तीन खुराड्यांतच उरली असेल, तर असा एक आठवडा तिला पुरे.

मग बियाणे राखायचे कसे? गाईला भरविण्यासाठी गोठविलेल्या रेताची कांडी घेऊन येणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. सशाच्या बाबतीतही रेत राखता येते. पण रेत म्हणजे अर्धाच वारसा. मादी दुसऱ्या जातीची घेतली तर पहिल्या पिढीत मूळ जात निम्मी, दुसरीत बारा आणे, तिसरीत चौदा आणे. पाच पिढ्या गेल्या तरी बत्तिसावा हिस्सा परका राहतोच. गर्भात मात्र आई आणि बाप दोघेही असतात. तो कोणत्याही जातीच्या मादीच्या उदरात वाढविला तरी पहिल्याच वेतात मूळ जात सोळा आणे परत मिळते.

दाई-आईचा जन्मणाऱ्या पिल्लाच्या जातीवर परिणाम होत नाही, हे सशानेच जगाला दाखविले. 27 एप्रिल 1890 रोजी वॉल्टर हीप या इंग्रज शास्त्रज्ञाने अंगोरा मादीचे दोन गर्भ काढून, आपल्याच जातीच्या नराशी संग झालेल्या 'बेल्जियन हेअर' जातीच्या मादीत ठेवले. तिला सहा पिल्ले झाली, त्यांपैकी चार तिच्या जातीची आणि दोन स्वच्छ अंगोरा. तेव्हा गोठविण्याची कुणाला कल्पनाही नव्हती.

गोठविण्यात अडचण कोणती, हे आम्हांस बर्फाच्या लादीवरून कळले. लादी बाहेरून आत गोठत जाते. पाणी शुद्ध गोठते आणि त्यातले क्षार मधोमध ढकलले जातात, म्हणून लादीचा गाभा पांढुरका दिसतो. स्वच्छ बर्फ हवा असेल तर जाणता कामगार ते गाभ्याचे पाणी उपसून ताजे भरतो. पेशीचेही असेच होते. भोवतालचे पाणी गोठते, उरलेल्या पाण्यात क्षार दाटतात आणि पेशी पोळते. आत बर्फाचे स्फटिक झाले तर फाटते. उपसायला तर तिथे कामगार नाही. म्हणून पाणी गोठण्याआधीच हळूहळू बाहेर येऊ द्यायचे आणि त्याच्या जागी ग्लिसरीनसारखा पदार्थ शिरू द्यायचा. 1949 साली लंडनजवळ मिल हिल येथे पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी कोंबड्याचे रेत ग्लिसरीनमध्ये गोठवून जगविले. साखरेच्या द्रावणाची म्हणून घेतलेल्या बाटलीत प्रत्यक्षात ग्लिसरीन होते, असे सांगतात. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांचा हा गोंधळ विज्ञानाला मोठा फळला. त्यानंतर 1972मध्ये व्हिटिंगहॅम, लीबो आणि मेझर यांनी उंदराचे गर्भ उणे 196 अंशांपर्यंत, त्याहूनही खाली नेऊन जिवंत परत आणले. 1974मध्ये सशाचा गर्भही गोठणातून जगतो हे दिसले. 1985मध्ये रॉल आणि फेही यांनी दुसरी वाट काढली. द्रावण इतके दाट करायचे आणि इतक्या झपाट्याने थंड करायचे की बर्फ होण्यास सवडच मिळू नये आणि सारे काचेसारखे घट्ट व्हावे. सशांसाठी पुढे ही रीतही वापरात आली.

सशाच्या गर्भाचा एक निराळा स्वभाव आहे. गर्भनलिकेतून येताना त्याच्याभोवती चिकट पदार्थाचे जाड वेष्टन चढते. हे वेष्टन पुरते चढले नाही, तर मादीच्या उदरात तो नीट वाढत नाही. म्हणून संगानंतर सुमारे तिसऱ्या दिवशी, वेष्टन चढल्यावरच गर्भ धुऊन घेतात, कांडीत भरतात, द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवितात. परत वाढवायचे असतील तेव्हा दाई-मादीच्या नलिकेत ठेवतात. तिथून सुमारे महिनाभरात पिल्ले. प्रत्येक गर्भाचे पिल्लू होते असे मात्र नाही. शंभरातून चाळीस-पन्नास आली तर काम उत्तम समजावे. यावरून आमच्या हिशेबी मनाला एवढे दिसते की, जात मरणपंथाला लागल्यावर गोठवायला धावणे हा उशीर आहे. चार माद्या उरल्यावर चारच घराण्यांचे बियाणे हाती लागेल. माद्या पुष्कळ असताना, कोणाला घाई वाटत नसतानाच हे काम करायचे असते. संप निधीसारखेच.

स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया येथील विद्यापीठाने या बियाण्याचा केलेला उपयोग आम्हांस फार आवडला. मादीने जास्त पिल्ले वाढवावीत म्हणून त्यांनी एक वंश पिढ्यान्‌पिढ्या निवडीने सुधारत नेला. पण सुधारणा निवडीने झाली की चाऱ्याने आणि चांगल्या पिंजऱ्यांनी, हे कसे ठरवावे? त्यांनी पंधराव्या पिढीचे गर्भ गोठवून ठेवले होते. एकविसावी पिढी आली तेव्हा ते वितळवून वाढविले आणि दोन्ही पिढ्यांची संतती एकाच छताखाली, एकाच चाऱ्यावर ताडून पाहिली. अशी जुनी वही जपून ठेवलेली असली की मालकाला किंवा पुढाऱ्याला प्रगतीची मोघम भाषा करता येत नाही. पंधरा वर्षे साठविलेले गर्भही तिथे वाढवून पाहिले, तेव्हा नुसत्या काळाने त्यांचे काही बिघडल्याचे दिसले नाही.

काळाने बिघडत नाही. बिघडते ते दुर्लक्षाने. द्रवरूप नायट्रोजन रात्रंदिवस उडत असतो. कंटेनरचे झाकण कितीही चांगले असो, पातळी खाली जातच राहते. काठी बुडवून, तिच्यावर दहिवर किती चढले ते पाहून वहीत मांडावे लागते आणि वेळेवर भर घालावी लागते. 2018च्या मार्चमध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात एका टाकीची थंडी उतरली आणि माणसांची चार हजारांहून अधिक बीजांडे व गर्भ वाया गेले. धोक्याची दूरवर सूचना देणारी व्यवस्था बंद होती. ज्या कुटुंबांची आशा त्या टाकीत होती, त्यांना दुसरी संधी उरली नाही.

फ्रान्सने 1999 साली पाळीव जनावरांसाठी राष्ट्रीय गोठणपेढी उभारली, तीत सशांचेही बियाणे आहे. चांगले झाले. पण आमची मागणी आमच्या धंद्याला धरून आहे. अशी पेढी कुठेही उभी राहो, तिचे बियाणे दोन ठिकाणी विभागून असावे, आणि काठी बुडविणारा माणूस कायम नोकरीवर असावा. नायट्रोजन कोंडलेल्या खोलीत साठला तर प्राणवायू हटतो आणि माणूस गुदमरून पडतो. तेव्हा त्याला खेळत्या हवेची खोली आणि जोडीला दुसरा माणूस मिळावा. कंत्राट बदलले की ज्याची हजेरी तुटते, त्याच्या हाती शंभर वर्षांचा वारसा सोपवू नये. आणि ज्या खुराडेवाल्यांनी बियाणे दिले, त्यांची नावे कांडीच्या नोंदीत असावीत. पुढे जात परत उभी करायची झाली तर पहिली पिल्ले त्यांच्या गावी जावीत. जिवंत ससा पाळणारा कोणी राहिलाच नाही, तर वितळविलेले पिल्लू ठेवायचे कोठे?

आमच्या वाट्याचा वेळ संपत आला आहे. आता ज्यांना प्रश्न असतील, त्यांनी विचारावेत.