रविवारची मुंबई
(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



बक्षीस समारंभाला बोलावलेल्या पाहुण्याने अभ्यासावर बोलावे अशी रीत आहे. अभ्यासाविषयी तुमचे शिक्षक वर्षभर बोलतातच. मी अभ्यासानंतर उरणाऱ्या वेळाविषयी, म्हणजे रविवारविषयी बोलणार आहे. मघाशी वसतिगृहाच्या अधीक्षकांना मी विचारले, "मुले रविवारी काय करतात?" ते म्हणाले, "दुपारपर्यंत झोपतात, मग मोबाईल पाहतात, संध्याकाळी नाक्यावर उभी राहतात." ऐकून मला हसू आले. मोबाईल सोडला तर हाच माझा दिनक्रम होता.

मी १९६८ साली कोकणातून मुंबईला शिकायला आलो. डोंगरीला आमच्या गावच्या जमातीची खोली होती. खोली एक आणि माणसे चौदा. सकाळी कॉलेज, दुपारी बॅलार्ड पिअरच्या एका कचेरीत कारकुनी, रात्री खानावळ. रविवारी झोप आणि पैसे असले तर सिनेमा. माझी मुंबई एवढीच होती, आणि ती मला पुरेशी वाटत असे.

१९६९ च्या हिवाळ्यात माझे वडील आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले. अब्बा आयुष्यभर जहाजावर खलाशी होते. म्हणाले, "तीन दिवस आहे. मला तुझी मुंबई दाखव." पहिल्या दिवशी चौपाटी झाली, दुसऱ्या दिवशी राणीचा बाग झाला, आणि माझी मुंबई संपली. तिसऱ्या दिवशी त्यांना माझी कचेरी दाखवायला फोर्टात नेले. वाटेत मोठमोठ्या खांबांची, उंच पायऱ्यांची एक पांढरी इमारत लागते. अब्बा थांबले. "ही इमारत कसली रे?"

"सरकारी असेल."

"आत काय आहे?"

"ठाऊक नाही."

"रोज इथून जातोस?"

"होय. दीड वर्ष झाले."

ते काही बोलले नाहीत. लुंगी सावरून पायऱ्या चढू लागले. मला घाम फुटला. पहारेकरी हटकेल, चारचौघांत अपमान होईल असे वाटले. कोणी हटकले नाही. आत लांब टेबलांवर माणसे वर्तमानपत्रे वाचत बसली होती, काहींचे कपडे आमच्याहून साधे होते. तो टाऊन हॉल होता. १८३३ साली बांधून पूर्ण झालेली ती इमारत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाचे घर आहे. अब्बांना मराठी अक्षरओळख नव्हती. ते दहा मिनिटे पंख्याखाली बसले, छताकडे, कपाटांकडे, पुतळ्यांकडे पाहत राहिले. उतरताना म्हणाले, "बंदरात जहाज लागले की आम्हाला चार तास सुटी मिळायची. चार तासांत मी बसरा पाहून यायचो. तुला दीड वर्ष मिळाले होते."

हे वाक्य मी पुष्कळ वर्षे मनात वागवले आहे. मी आत का गेलो नव्हतो? वेळ नव्हता असे नाही. पैशाचाही प्रश्न नव्हता. खरे कारण असे, की उंच पायऱ्या दिसल्या की आपल्या मनात येते, "आपल्याला आत सोडतील काय?" खेड्यात कोणती वाट कुठे जाते हे कोणीतरी सांगतो. मोठे शहर कोणाला बोलावीत नाही, आणि विचारायची लाज वाटली तर ते आयुष्यभर बंदच राहते. काळाघोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे. चित्रे पाहायला तिकीट लागत नाही हे कळायला मला तीन वर्षे लागली, कारण दारावरच्या माणसाला मी विचारलेच नव्हते. गावदेवीला मणिभवन आहे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत. तिथून पायी थोड्याच अंतरावर गवालिया टँक मैदान आहे, जिथे १९४२ साली 'भारत छोडो'ची हाक दिली गेली. ही घोषणा सुचवल्याचे श्रेय ज्यांना देतात ते युसुफ मेहेरअली मुंबईचे महापौर होते, आणि आपल्यापैकीच होते. इतिहासाच्या पुस्तकात हा धडा पाठ करणारी किती मुले त्या मैदानावर उभी राहिली आहेत? हात वर करू नका, मला उत्तर ठाऊक आहे.

एक गोष्ट खास विद्यार्थ्यांसाठी सांगतो. मुंबईतल्याच एका बोहरा कुटुंबात १८९६ साली एक मुलगा जन्मला. लहानपणीच पोरका झाला, मामांकडे वाढला. दहाबारा वर्षांचा असताना त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी? मामांना सांगता येईना. पण मामांनी "जाऊ दे, अभ्यास कर" असे म्हटले नाही. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. दारात उभा असताना तो फार बिचकला होता. आतल्या इंग्रज चिटणिसांनी, मिलार्डसाहेबांनी, चिमणीचे नाव तर सांगितलेच, वर पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे सलीम अली. विद्यापीठाची पदवी त्यांच्या हाती लागली नाही, पण भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे १९४१ चे पुस्तक आजही अभ्यासक हाताशी ठेवतात. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पालकांनो, या गोष्टीत मला मोठे वाटतात ते मामा. चिठ्ठी त्यांनी लिहिली.

आता माझी एक फजिती. मी शिक्षक झाल्यावर दरमहा एका रविवारी मुलांना कुठेतरी नेत असे. २००० सालच्या फेब्रुवारीत आम्ही शिवडीला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला गेलो. हार्बर लाइनच्या शिवडी स्टेशनवरून पूर्वेकडे चालत गेले की खाडीचा चिखल लागतो. हिवाळ्यात हजारो गुलाबी पक्षी तिथे चरायला येतात. संध्याकाळी साडेपाचला पोहोचलो तर समोर नुसता चिखल, आणि फार दूर एक गुलाबी रेघ. मुले माझ्याकडे पाहू लागली. तेव्हा दापोलीकडचा एक मुलगा, जो वर्गात कधी तोंड उघडत नसे, हळूच म्हणाला, "सर, काल चांदाची चौदावी होती. आज दुपारी पाऊणला भरती होऊन गेली. आता पाणी आत गेलेले असणारच."

मी विचारले, "तुला कसे ठाऊक?"

म्हणाला, "आजोबांनी शिकवलेय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चांदाच्या तारखेत एक मिळवला की बहुधा तिथी मिळते." मग बोटांवर मोजून म्हणाला, "पुढच्या रविवारी अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे साडेतीनला येऊ. पाणी चढत असेल आणि पक्षी काठाकडे सरकत असतील."

पुढच्या रविवारी साडेतीनला आम्ही तिथे होतो. पाणी जसजसे चढत गेले तसतसे पक्षी जवळ येत गेले. ते चोच उलटी धरून चिखल कसा गाळतात हे चष्म्याशिवाय दिसू लागले. त्या दिवसापासून मुंबईत वाढलेली मुले त्या मुलाला विचारल्याशिवाय समुद्राकडे फिरकेनाशी झाली. गावाकडून आलेल्या मुलांनो, तुम्ही इथे रिकाम्या हाताने येत नाही. आजोबांचा हिशेब या शहरातही चालतो. आता शिवडीहून समुद्रावर मोठा पूल गेला आहे, तो जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. भरती-ओहोटीचा हिशेब मात्र तोच आहे.

पालकांना वाटते, मुले बाहेर पडली की बिघडतील. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही, मीही बाप आहे. १९८७ साली माझी मुलगी आठवीत होती. तिच्या शाळेची सहल कान्हेरीच्या लेण्यांना जाणार होती. मी नको म्हणालो. डोंगरदऱ्यांत मुलीने कशाला जायचे, हे माझे उत्तर. दुसऱ्यांच्या मुलांना गावभर फिरवणारा मी! ती रडली नाही. सहामाहीत 'मी पाहिलेले स्थळ' असा निबंध आला. मैत्रिणींकडून ऐकून तिने कान्हेरीवर लिहिला, आणि तिला चांगले गुणही मिळाले. वही माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "अब्बा, यातले मी काहीच पाहिलेले नाही."

त्या हिवाळ्यात मीच तिला घेऊन गेलो. पत्नी आणि माझ्या सासूबाईही आल्या. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, जंगलाच्या आत, शंभरावर लेणी आहेत. पहिली खोदली त्याला दोन हजार वर्षे झाली. मुलगी मोठे चैत्यगृह पाहत होती, सासूबाई मात्र लेण्यांच्या दारातच अडकल्या. बहुतेक प्रत्येक लेण्यापाशी खडकात पाण्याचे टाके खोदलेले आहे, आणि पावसाचे पाणी त्यात उतरावे म्हणून कातळावर पन्हळी काढल्या आहेत. आमच्या गावात मे महिन्यात सासूबाई अर्धा मैल चालून हंडा आणीत. त्या टाकी मोजत सुटल्या, वीसपर्यंत मोजून दमल्या आणि कातळावर बसून म्हणाल्या, "यांतला एक कारागीर आमच्या वाडीत आला असता तर!" त्या दिवशी लेणी सर्वांत नीट कोणी पाहिली असतील तर त्यांनी.

म्हणून माझे पालकांना सांगणे एवढेच, की परवानगी देववत नसेल तर सोबत चला. आईने चला, आजीने चला. फक्त एका दिवसात चार ठिकाणे उरकू नका. थकलेले मूल संध्याकाळी वडापावची चव तेवढी लक्षात ठेवते.

अधीक्षकांशी बोलून मी एक ठरवले आहे. पुढल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेदहाला, फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या फाटकाशी मी उभा राहीन. जुनी माणसे त्याला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणतात. सलीम अलींनी १९२६ च्या सुमारास तिथेच लोकांना पक्षी समजावून सांगण्याची नोकरी केली होती. आपण फक्त पक्ष्यांचे दालन पाहायचे, दुसरे काही नाही. बाकीचे पुन्हा केव्हातरी. येणाऱ्यांनी नावे कार्यालयात द्यावी, पाण्याची बाटली आणि एक पेन्सिल आणावी. मुलींची नावे त्यांच्या आयांनी स्वतःच्या नावासकट द्यावी, म्हणजे मला तिकिटांचा अंदाज येईल.