अण्वस्त्रधारी शेजारी आणि करारातील उणीव



दरवर्षी १ जानेवारीला नवी दिल्ली व इस्लामाबाद येथे एकाच वेळी एक यादी दुसऱ्या पक्षाच्या हाती दिली जाते. देशातील अणुकेंद्रे कोठे आहेत, हे त्या यादीत नमूद असते. १९९२ साली सुरू झालेला हा क्रम कारगिलच्या युद्धाने मोडला नाही, २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याने मोडला नाही आणि २०१९ च्या बालाकोटनेही मोडला नाही. वृत्तपत्रे या बातमीला दोन ओळी देतात. युद्धज्वराला मात्र त्यांची पाने अपुरी पडतात.

या यादीचा उगम भयात आहे. ७ जून १९८१ रोजी इस्रायलच्या विमानांनी इराकची ओसिराक अणुभट्टी उद्ध्वस्त केली. त्यानंतर कहुटाचीही तीच गत होईल, ही धास्ती पाकिस्तानात बळावली. १९८६-८७ च्या हिवाळ्यात ‘ब्रासटॅक्स’ या भारतीय लष्करी कवायतीमुळे दोन्ही सैन्ये सीमेवर समोरासमोर आली. अखेर ३१ डिसेंबर १९८८ रोजी राजीव गांधी व बेनझीर भुट्टो यांच्या उपस्थितीत, परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार झाला. अणुभट्ट्या, इंधननिर्मितीचे कारखाने, पुनर्प्रक्रिया केंद्रे ही सारी त्याच्या कक्षेत येतात. म्हणजे तारापूर आणि तुर्भे येतात, तशीच कराचीची अणुवीजकेंद्रेही. तारापूरच्या मच्छीमाराने किंवा कराचीच्या गोदी कामगाराने ती यादी कधी पाहिलेली नाही. पण तिचा पहिला लाभधारक तोच आहे.

१९९८ च्या मे महिन्यात पोखरण व चगाई येथे स्फोट झाले आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. धोका आता केवळ हल्ल्याचा राहिला नाही, गैरसमजाचाही झाला. ऑक्टोबर २००५ मध्ये क्षेपणास्त्र-चाचणीची पूर्वसूचना देण्याचा करार झाला, परंतु तो बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरताच. क्रूझ क्षेपणास्त्रे त्यातून वगळली गेली.

या वगळण्याचा अर्थ ९ मार्च २०२२ रोजी कळला. भारताचे एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले व पाकिस्तानातील मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्यावर स्फोटक नव्हते; जीवितहानी झाली नाही. भारत सरकारने ११ मार्चला तांत्रिक बिघाडाची कबुली दिली आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. मधल्या दोन दिवसांत इस्लामाबादने संयम राखला, हे मान्य करावे लागेल. पण कोट्यवधींचे प्राण प्रतिपक्षाच्या संयमावर सोपवणे, याला सुरक्षा म्हणत नाहीत.

मे २०२५ मध्ये तर तेवढा अवधीही नव्हता. २२ एप्रिलला पहलगाम येथे अतिरेक्यांनी २६ निरपराधांची हत्या केली. भारताने १९६० चा सिंधू पाणीवाटप करार स्थगित केला. सिमला करार स्थगित ठेवण्याचा हक्क पाकिस्तानने राखून ठेवला. ७ मेपासून चार दिवस क्षेपणास्त्रे व ड्रोन उडत राहिले. १० मेच्या दुपारी दोन्ही सेनांच्या लष्करी कारवाई महासंचालकांचे दूरध्वनीवर बोलणे झाले आणि पाच वाजता गोळीबार थांबला. त्याची पहिली घोषणा मात्र वॉशिंग्टनमधून झाली! द्विपक्षीय संवादाची दारे बंद झाली की तिसऱ्याला श्रेय घ्यायला जागा मिळते.

क्रूझ क्षेपणास्त्रे व ड्रोन पूर्वसूचनेच्या कक्षेत आणणे अशक्य नाही. २००५ चा करार झाला, तेव्हा कारगिलला सहा वर्षे झाली होती. संसदेवरील हल्ल्याला तर चारही पुरी झाली नव्हती.